प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये रिलिव्हर कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या धनकवडीतल्या बचत गटातली एक मुलगी गेल्या आठवड्यात प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. ऑफिसांच्या साफसफाईची एजन्सी काढायची आणि त्यासाठी मुद्रा कर्ज घ्यायचं, असा तिचा विचार. रिपोर्ट करून घ्यायला तिने ३ हजार रुपये मोजले होते. आत रंगीत आलेख होते, पाच वर्षांचा नफा होता, यंत्रांची यादी दोन पानं भरून होती. पगाराला मात्र एकच ओळ: १० कामगार गुणिले पगार गुणिले १२ महिने. मी आधी कित्येक वर्षं स्वतः मॉप मारला, मग सुपरवायझर झाले, २०१५ पासून माझी छोटी एजन्सी आहे. या एका ओळीपायी बायकांचे किती हाल होतात ते मी पाहिलंय, म्हणून हे पत्र.

माझं पहिलं काम बाणेरच्या एका ऑफिसचं. सहा पोस्ट, म्हणजे रोज सहा जणी हव्यात, आठवड्याचे सातही दिवस. कोटेशन देताना मीही पगार गुणिले सहा एवढंच केलं. प्रत्येकीला आठवड्याची सुट्टी द्यायची, तर त्या दिवशी तिच्या जागी कोण? सहा पोस्टमागे एक जादा बाई, म्हणजे रिलिव्हर, लागतेच. ती मी धरलीच नव्हती. गौरी-गणपतीत तिघी गावी गेल्या, चौथीने खाडा केला. मी आणि माझ्या जावेने पहाटे निघून चार दिवस ते ऑफिस सांभाळलं. तरी गैरहजेरीचे पैसे बिलातून कापले गेले, आणि त्या महिन्याचा पगार मी भिशी उचलून दिला.

तेव्हापासून मी कागदावर आधी एका बाईचा हिशोब मांडते. समजा, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये. मालकाच्या वाट्याचा पीएफ, प्रशासकीय आकार आणि विमा धरून १३ टक्के, म्हणजे १,८२०. ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, सव्वातीन टक्के, ४५५. बोनस ८.३३ टक्के, १,१६६. झाले १७,४४१. त्यात रिलिव्हरचा सहावा हिस्सा २,९०७ घातला की २०,३४८. अजून गणवेश, फिनेल, डस्टर, सुपरवायझर आणि माझा स्वतःचा एक रुपयाही आलेला नाही. ईएसआय १० माणसांपासून आणि पीएफ २० माणसांपासून लागू होतो, म्हणून नवे लोक दोन्ही सोडून दर लावतात. काम वाढून माणसं वीसवर गेली की जुन्या दरात काहीच बसत नाही. मग कोणी हजेरी कापतं, कोणी पीएफ पगारातून वळता करून भरतच नाही. तूट शेवटी झाडणाऱ्या बाईच्या पदरात पडते.

दुसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची. जानेवारीचं बिल १ फेब्रुवारीला लावलं आणि पैसे साठ दिवसांनी आले, तर तोवर फेब्रुवारी आणि मार्चच्या ७ तारखांना दोन पगार होऊन गेलेले असतात. पीएफ-ईएसआय महिन्याच्या १५ तारखेला. पहिल्या बिलावरचा १८ टक्के जीएसटीही २० मार्चला खिशातून भरायचा, क्लायंटने तो दिलेला असो वा नसो. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, असं २००६ चा एमएसएमई (लहान उद्योगांचा) कायदा सांगतो. पण काम जाईल या भीतीने आम्ही तो कायदा कुणाला दाखवत नाही. कर्ज मागायचं ते या दोन महिन्यांसाठी मागावं. फरशी घासायचं सिंगल डिस्क मशीन, व्हॅक्यूम भाड्यानेही मिळतात. पगार भाड्याने मिळत नाही.

माणसं किती लागतील हे क्षेत्रफळावरून काढू नये. जागा फिरून टॉयलेट मोजावेत, कारण दिवसभराचा वेळ तिथेच जातो. फरशी कसली ते बघावं. संगमरवरावर अ‍ॅसिड पडलं तर डाग जात नाही आणि भरपाई आपल्याकडून घेतात. आणि बायका कुठून येणार तेही लिहावं. इकडच्या अप्पर इंदिरानगरहून पार बाणेरला दोन बस बदलून सकाळी सातला पोचणारी बाई तीन महिन्यांत काम सोडते. मी आता स्वारगेट ते कात्रज पट्ट्यातलीच कामं घेते. धंदा लहान राहिला, पण चार बायका आठ वर्षांपासून माझ्याकडे टिकून आहेत.

उद्योजकता प्रशिक्षण देणाऱ्यांनी आणि कर्ज मंजूर करणाऱ्या बँकांनी हा एका बाईचा हिशोब रिपोर्टच्या पहिल्या पानावर मागावा, ही माझी कळकळीची विनंती. सोसायट्यांनी आणि कंपन्यांनीही सर्वांत कमी आकडा उचलण्याआधी त्याची फोड मागावी. त्यात पीएफ, ईएसआय, रिलिव्हर दिसत नसतील, तर तो दर कोणाच्या पोटातून निघणार हे तिथल्या तिथे कळेल.

त्या मुलीचा रिपोर्ट मी ठेवून घेतलाय. ज्या ऑफिसचं काम तिला मिळण्यासारखं आहे, तिथले टॉयलेट मोजून आणि तिथली बस बघून ती रविवारी परत येणार आहे.

आपली,
एक हाउसकीपिंग व्यावसायिक,
धनकवडी, पुणे