झील धरणाऱ्या, म्हणजे माझ्यामागे उभं राहून सूर धरणाऱ्या शाहीरकाकांना

काका, परवा फोनवर नीट बोलताच आलं नाही, रडायलाच यायला लागलं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझा पोवाडा आजीच्या खानावळीवर आहे. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत तिने गिरणीतल्या माणसांना जेवू घातलं, १९८२ चा संप झाला, पगार बंद पडले तरी ताटं बंद केली नाहीत, नुसती वहीत उधारी लिहीत गेली, ती वही अजून ट्रंकेत आहे. चाल जुनी, शब्द माझे. हे घेऊन मी दोन वर्षं दारोदार फिरले. एका क्लासमधले सर म्हणाले पोवाडा शूरवीरांचा असतो, डब्यांचा नाही. एका आयोजकाने तर ऐकूनच घेतलं नाही, फेटा बांध आणि लोकांना माहिती असलेली गाणी म्हण म्हणाला. त्या दिवशी करी रोड स्टेशनवर कितीतरी वेळ बसून होते.

तुम्ही डोळे मिटून पूर्ण ऐकलंत. म्हणालात, अगं १६५९ ला अफजलखान मारला गेला, त्यावर अग्निदासाने पोवाडा केला तेव्हा ती ताजीच गोष्ट होती, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर या शाहिरांचं लाल बावटा कलापथक पण समोर घडतंय तेच गायचं, मग तू आजीचं का नाही गायचं? चौथ्या कडव्यात दोन अक्षरं जास्त होतायत, डफ अडखळतो, तेवढं बघ.

पण खरं सांगायचंय ते मंडळाच्या स्टेजवरचं. पावसाळी हवेने डफ सैल पडला होता, तुम्ही मांडवामागे कागद पेटवून तो शेकलात, मला वाटलं आता माइक तुम्हीच घेणार, आयुष्यभर पुढे उभं राहून गायलेला माणूस! तर तुम्ही सरळ मागे झीलकऱ्यांत जाऊन उभे राहिलात, टोपी सारखी केलीत, हात कानावर ठेवलात. माझं पहिलं कडवं संपताना दम तुटत होता आणि मागून तुमचं ‘जी र जी जी’ आलं. मी शेवटपर्यंत मागे वळून बघितलं नाही काका, बघितलं असतं तर पुढे गाताच आलं नसतं.

चुका दाखवणारे खूप भेटतात हो, नवख्या पोरीच्या मागे उभं राहायला मन लागतं, ते तुमच्याकडे आहे.

आजी विचारत होती, झील कोण धरत होतं, त्यांना जेवायला आण. रविवारी या, कोंबडी-वडे करणार आहे ती.