‘संथाळ कुटुंब’ ब्राँझचं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत शिल्पकार रामकिंकर बैज यांना अर्धं पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण शांतिनिकेतनातलं ‘संथाळ कुटुंब’ तुम्ही ‘ब्राँझचं’ म्हणून छापलंत आणि काल दिवसभर माझा कामाला हात लागला नाही.

१९३८ चं ते शिल्प सिमेंट आणि जांभ्याच्या खडीचं आहे. आपल्या राधानगरीकडचा जांभा डोळ्यांपुढे आणा. ब्राँझ परवडणारं नव्हतं. पण त्या खरबरीत अंगामुळेच ती माणसं तिथल्या लाल मातीतून उठून चालायला लागल्यासारखी दिसतात. बाप्याच्या खांद्यावर कावड, कावडीच्या टोपलीत पोर, बाईच्या कडेवर दुसरं, सोबत कुत्रं. अख्खा संसार खांद्यावर घेऊन निघालेल्या या माणसांना तुमचा लेख ‘साधेभोळे आदिवासी’ म्हणून मोकळा होतो. बंगालातल्या बांकुड्याच्या गरीब नाभिक घरातल्या रामकिंकरांनी राजेमहाराजांच्या मापाचा पुतळा संथाळ मजुरांना दिला, ही मोठी गोष्ट राहूनच गेली. १९७० चं पद्मभूषण मात्र ठळक अक्षरांत आहे.

मला हे लागतं, कारण मी ते भोगलंय. १९९१ साली इथल्या एका साखर कारखान्याने गेटसमोर शिल्प करायला सांगितलं. मी ऊसतोड बाई केली. डोक्यावर मोळी, पाठीला झोळीतलं पोर, कमरेला कोयता. आत सळ्या आणि जाळी, वरून वाळू-सिमेंट. चार महिने लागले. बघायला आलेले संचालक म्हणाले, “हिला रोज फडात बघतोय की. पुतळा साहेबांचा पाहिजे.” साहेबांचा अर्धपुतळा बसला. माझी बाई गोडाऊनच्या मागं गेली. परवाच्या पावसाळ्यात बघून आलो, कोपराजवळचं सिमेंट सुटून सळ्या उघड्या पडल्यात. झोळीतलं पोर मात्र अजून शाबूत आहे. ऊस तोडायला आलेल्या कुणीतरी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं होतं.

आणखी एक. त्याच दिवशीच्या अंकात पान ३ वर पुतळ्याच्या अनावरणाचा फोटो आहे. खाली नऊ पुढाऱ्यांची नावं आहेत, पुतळा घडवणाऱ्याचं नाही. सिनेमाइतकेच पुतळेही घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात तरी असं होऊ नये. ब्राँझची दुरुस्ती छापाल तेव्हा त्या शिल्पकाराचं नावही विचारून घ्या आणि छापा.

आपला,
एक जुना वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर