अण्णा, तुमच्यामुळे पिनबॉल पुन्हा वाजतंय

ती. अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र घरी आणून दिलं असतं, पण वेंगुर्ल्यात बसून तुम्ही केवढं काम केलंत ते चार लोकांना कळायला हवं, म्हणून उघडच लिहितोय.

पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी उडवत गुण मिळवायचा यंत्रावरचा खेळ. मामांनी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या क्लबातून आणलेलं आमचं पिनबॉल म्हणजे शिकागोच्या गॉटलीब कंपनीचं, साठच्या दशकातलं यंत्र. आत एकही चिप नाही. नुसते रिले (विजेने उघडमिट होणारे स्विच), कॉइल (वीज आली की दांडा ओढणारी तारेची वेटोळी) आणि तारांचं जंजाळ. ज्याला दाखवलं तो म्हणाला, भंगारात घाला. तुम्ही मात्र आत डोकावलात आणि म्हणालात, "अरे, ह्यो तर आमचो एक्स्चेंज!"

टेलिफोन खात्यात स्ट्रोजर एक्स्चेंजचे, म्हणजे फोन आपोआप जोडणाऱ्या जुन्या यंत्रणेचे, रिले साफ करण्यात तुमची हयात गेली, म्हणून ते तुम्हाला ओळखू आलं. आमचा स्कोअर ९ वर अडायचा. स्कोअरचे आकडे दाखवणाऱ्या चाकावर ९ आला की मागचा एक स्विच मिटतो आणि पुढच्या ठोक्याला शेजारचं चाकही एक घर सरकतं, हे तुम्ही हाताने चाक फिरवून दाखवलंत. त्या स्विचच्या पातळ पट्टीवर खाऱ्या हवेने हिरवट गंज धरला होता. पॉलिश पेपर तुम्ही बाजूला सारलात, बारीक कानस दोनदाच ओढलीत, पट्टी केसभर वाकवलीत, आणि चाक सरकलं! तेलाचा डबा पुढे केला तर म्हणालात, "काँटॅक्टाक तेल नको हां. धूळ धरता."

समुद्रकाठी हे यंत्र सांभाळणं सोपं नाही. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, मागच्या काचेवरच्या चित्राचा रंग पापुद्रे धरतो, रबरी रिंगा कडक होतात. गोळीला गंज चढला तर ती खेळफळीचा रंग खरवडत जाते, म्हणून तुम्ही कोल्हापूरहून बेअरिंगच्या दुकानातली २७ मिलिमीटरची गोळी मागवलीत. यंत्र अमेरिकेच्या ११५ व्होल्टवर चालणारं, त्यासाठी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर बसवलात. पावसाळाभर पेटीत लहान बल्ब लावून ठेवायची युक्तीही तुमचीच. यंदा आत बुरशीचा ठिपका नाही.

हे जुगाराचं यंत्र ना, असं तुम्ही विचारलं होतंत. न्यूयॉर्कमध्ये त्याच समजुतीने १९४२ पासून १९७६ पर्यंत पिनबॉलवर बंदी होती. पण गॉटलीबच्याच 'हम्प्टी डम्प्टी'त १९४७ साली फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की गोळीला टोला देणारे छोटे दांडे, आले आणि गोळी खेळणाऱ्याच्या हातात आली. मला त्याचीच भूल आहे. बटण दाबलं की खालची कॉइल धाडकन ओढते ते तळहाताला कळतं. यंत्राला किती धक्का द्यायचा हेही हातच शिकतो. जास्त झाला की आतला लोलक कड्याला टेकतो आणि डाव जातो. पडद्यावरच्या खेळात हे मिळत नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहावर भागवलंत. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती तुमच्या हातची वही: कुठला रिले कशासाठी, कुठली पट्टी किती उघडी हवी, सगळं मराठीत, आकृत्यांसकट. माझ्या मुलीने त्यावरून घंटीची कॉइल एकटीने जोडली. ही विद्या तुम्ही आमच्या घरात ठेवलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

चतुर्थीला मुंबईची पोरं येतील तेव्हा काकींना घेऊन जेवायलाच या. उजवा फ्लिपर जरा मऊ पडलाय. त्याला हात लावलेला नाही. मुलीला तो तुमच्यासमोर उघडायचाय.

आपला,
शेजारच्या वाडीतला भाचा