स्पर्धा कास्तकारांनीच का करायची?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला स्पर्धेवरचा अग्रलेख वाचला. भाषा झकास आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण कृषी विभागाच्या पीक स्पर्धेमुळे शेतकऱ्यांत ईर्षा आली आणि उत्पादन वाढलं, असं जे त्यात ठोकून दिलंय, ते लिहिणाऱ्याने वावरात पाय ठेवून लिहिलेलं दिसत नाही.

माझ्या धुऱ्याला लागून चुलतभावाचं वावर आहे. त्याने सोयाबीनसाठी नाव दिलं. फी ३०० रुपये, सलग एक एकर दाखवायचं. झालं! रस्त्याकडचं ते एकर म्हणजे घरजावई. शेणखत त्यालाच, स्प्रिंकलर त्यालाच, टॉनिकच्या बाटल्याही त्यालाच. बाकीच्या वावरात तण कमरेला लागलं, चक्रीभुंगा खाऊन गेला, तिकडे पाहायला सवड कोणाला? सोंगणीला साहेब लोक आले, प्लॉट आखला, माल तोलला. तालुक्यात दुसरा नंबर, बक्षीस ३,००० रुपये. कृषी केंद्राची उधारी किती झाली ते वहिनीला ठाऊक आहे. मी आकडा लिहीत नाही, घरात भांडण नको. वरून त्याचं पाहून गावातल्या चार पोरांनी त्याच बाटल्या उधारीत उचलल्या. ही तुमची प्रेरणा! नंबर क्विंटलवर लागतो. त्या क्विंटलमागे किती घातले, हे कोणी विचारत नाही.

आणि स्पर्धेतल्या खरिपाच्या ११ पिकांत भात आहे, नाचणी आहे, सूर्यफूलही आहे, पऱ्हाटी म्हणजे कापूस नाही. नाही तेच बरं म्हणा. २०१७ मध्ये पऱ्हाटीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यातली वीसच्या वर माणसं गेली, त्यात आणखी चढाओढ नको.

मला स्पर्धेचं वावडं नाही. २०१७ लाच पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, वर्धा जिल्ह्यातलं काकडदरा राज्यात पहिलं आलं, तेव्हा आम्हालाही हुरूप आला होता. तिथे अख्खं गाव एका बाजूला होतं, भाऊ भावासमोर नव्हता.

स्पर्धा पाहिजे ती बाजार समितीच्या हर्रासात, म्हणजे मालाच्या लिलावात. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. मी माल नेला त्या यार्डात पहिला व्यापारी ३,९०० बोलला, दुसऱ्याने मान हलवली, तिसरा फोन कानाला लावून पुढच्या ढिगाकडे निघून गेला. तिथे कोणालाच ईर्षा येत नाही! त्यावर येऊ द्या की एखादा अग्रलेख.

जाता जाता आणखी एक. बाजारभावाचा रकाना दिवाळीपासून चार ओळींवर आला आहे आणि ती जागा क्लासवाल्यांच्या टॉपर पोरांच्या फोटोंना गेली आहे. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही, हे कळतं. पण आमच्याकडे पेपर दुपारच्या एसटीने येतो, तोवर भाव शिळा झालेला असतो. तो शिळा तरी पूर्ण छापा. दारव्हा, दिग्रसचेही भाव द्या.

आपला,
एक कास्तकार वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ