सहाची बस आणि दुसरा अंक

माननीय शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

सादर नमस्कार.

माझी मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात ती घरी आली ती गप्पच. महाविद्यालयाच्या नाटकात तिला चांगली भूमिका मिळाली होती. नाटक बसवणाऱ्या सरांनी विचारलं, "तालीम साडेसातपर्यंत चालेल. तू सत्तरी तालुक्यातली, परत कशी जाणार?" तिच्यापाशी उत्तर नव्हतं. भूमिका शहरात राहणाऱ्या मुलीकडे गेली. सरांचा दोष नाही. पोरीला रात्री बसस्टँडवर ताटकळत ठेवायची जबाबदारी कोण घेईल?

त्या रात्री मी ट्रंकेतली माझी जुनी वही काढली. मीही याच वाटेने पणजीला शिकायला जात होते. वहीत पहिल्या अंकाचे माझे संवाद निळ्या शाईत नीट उतरवलेले आहेत, समासात "इथे थांबणे", "पदर सावरणे" अशा खुणा. त्यापुढची पानं कोरी. दुसऱ्या अंकाच्या तालमी सुरू व्हायच्या आत मी नाटक सोडलं होतं. सहाची बस चुकली की साखळीच्या पुढे काही मिळत नसे. आज मुलीचं तेच झालं, याचं मला फार वाईट वाटतं.

मंत्रिमहोदय, आमच्या गावांत नाटक कुणाला शिकवावं लागत नाही. जत्रेला देवळाच्या मंडपात पडदा उघडतो तेव्हा दिवसभर शेतात राबलेला माणूस राजा होऊन उभा राहतो. धालो या लोकनृत्याच्या रात्री बायका गावच्या मांडावर तासन्‌तास गातात, कुणाच्या हातात कागद नसतो. अशा घरांतली मुलं महाविद्यालयात येतात आणि चार वाजले की दप्तर उचलून धावत सुटतात. वादविवाद, गिर्यारोहण, भित्तिपत्रक, गायनाचा सराव, सगळं त्यांच्यामागे सुरू होतं.

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचं काम असतं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. त्या शिबिरात माझी मुलगी ओळखू येत नाही, असं तिच्या मैत्रिणी सांगतात. रात्रीच्या कार्यक्रमाचं निवेदन तिचं, गावकऱ्यांशी बोलणं तिचं. कारण साधं आहे. ते सात दिवस तिला बस गाठायची नसते. माझी भाची ताळगाव पठारावर विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून एमए करते. संध्याकाळचं एखादं व्याख्यान ऐकून आली की फोनवर अर्धा तास त्याच्यावरच बोलते. शिक्षणाचा हा भाग तिला खोलीच्या भाड्यात मिळाला. ज्यांना ते परवडत नाही त्यांचं काय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कडक विभागणी नको, असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्या राज्यातही हे धोरण पदवीला लागू झालं आहे. मग तालीम, शिबिर, वादविवाद यांना शिक्षण मानायचं तर त्यासाठी थांबलेल्या मुलाला घरी पोचवणंही शिक्षणखात्याचंच काम ठरतं.

बसचा प्रश्न गोव्यातल्या विद्यार्थ्यांना नवा नाही. १९७८-७९ साली त्यांनी भाड्यात निम्म्या सवलतीसाठी आंदोलन केलं. १९८० मध्ये कदंब हे सरकारी बस महामंडळ आलं. आज सवलतीच्या पासाचा आम्हाला मोठा आधार आहे. पण पास खिशात असून गाडीच नसेल तर तो दाखवायचा कुणाला? अंधार पडला की खासगी बसवाले फेऱ्या गुंडाळतात, हे आपणही जाणता.

माझी विनंती एवढीच. महाविद्यालयं चालू असतील त्या महिन्यांत पणजी, म्हापसा आणि मडगावहून रात्री आठला वाळपई, पेडणे, सांगे, काणकोण या बाजूंना कदंबची एकेक फेरी सोडा. वाहतूकमंत्र्यांशी आपणच बोला. दोन खात्यांमध्ये आमचा अर्ज हिंडत राहू नये. आणि मुलांसाठी संध्याकाळी थांबणाऱ्या शिक्षकांचे ते तास त्यांच्या कामाच्या तासांत धरा. आज ते घर सोडून, पदरमोड करून थांबतात. आपलं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा राज्यात घर लांब म्हणून कुणाची भूमिका जाऊ नये.

तालमी चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर, जोरात सुरू होतात. सरांनी एक छोटी भूमिका अजून कुणाला दिलेली नाही. तालमी सुरू व्हायच्या आधी आपलं उत्तर यावं.

आपली नम्र,
सत्तरीतली एक आई