शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी

प्रिय नंदिनी,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. स्तनवृद्धीची शस्त्रक्रिया करून घ्यावी असे तुझ्या मनात आहे आणि ते तू इतर कोणालाही सांगण्याआधी मला कळवलेस, याचे मला मोल वाटते. ती का करायची, हे मी विचारणार नाही. शरीर तुझे आहे आणि निर्णयही तुझाच. मात्र प्लास्टिक सर्जरीच्या विभागात परिचारिका म्हणून वर्षानुवर्षे जे पाहत आले, ते तुझ्यापासून राखून ठेवणे मला जमणार नाही.

ही एकदा करून विसरून जाण्याजोगी शस्त्रक्रिया नाही, हे आधी मनाशी पक्के कर. इम्प्लांट, म्हणजे स्तनात बसवतात ती भरलेली पिशवी, आयुष्यभर टिकत नाही. आज तू तरुण आहेस, म्हणजे पुढे केव्हातरी ते बदलण्यासाठी किंवा काढण्यासाठी पुन्हा भूल घ्यावी लागण्याची शक्यता बरीच आहे. शिवाय काढल्यावर स्तन पूर्वीसारखे होतीलच असे नाही, कारण ताणलेली त्वचा सैल पडते आणि ऊतीही पातळ झालेल्या असतात. म्हणून आजच्या खर्चाबरोबर पुढच्या तपासण्यांचा आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचाही हिशोब आताच मांड.

शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती एक आवरण तयार करते. ते पातळ राहिले तर काहीच त्रास नसतो. पण काही जणींत ते आवळत जाते, स्तन कडक होतो, वर सरकतो, दुखू लागतो. असे आवरण काढल्यानंतर मी ते ट्रेमध्ये पाहिले आहे: पांढुरके, जाड, आणि एका बाजूला चुना साचून अंड्याच्या कवचासारखे कडक झालेले. त्या बाईंना कित्येक महिने कुशीवर झोपता आले नव्हते. हे प्रत्येकीला होत नाही, परंतु पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याच्या प्रमुख कारणांपैकी ते एक आहे, आणि ते आपल्याला होणार नाही याची खात्री कोणताही सर्जन देऊ शकत नाही.

इम्प्लांटमध्ये सलाईन, म्हणजे मिठाचे निर्जंतुक पाणी, असते किंवा सिलिकॉनचे जेल. सलाईनचे फुटले तर स्तन बसतो आणि लगेच कळते. सिलिकॉनचे फुटले तर बहुतेकदा बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करण्याची शिफारस केली आहे. पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, हेही नक्की विचार. खडबडीत इम्प्लांटशी लसिका पेशींचा एक दुर्मीळ कर्करोग जोडलेला आढळला आहे, आणि याच कारणाने 2019 मध्ये बायोसेल नावाचे खडबडीत इम्प्लांट जगभरातून परत मागवण्यात आले. काही वर्षांनी एकच स्तन एकाएकी सुजला तर तो कधीही अंगावर काढू नकोस. वेळीच निदान झाले तर इम्प्लांट आणि त्याभोवतीचे आवरण काढून हा आजार बहुतेकदा बरा होतो. काही स्त्रिया थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा अशा तक्रारीही सांगतात. त्यांचे नेमके कारण अजून स्पष्ट झालेले नाही, पण म्हणून त्या तक्रारी खोट्या ठरत नाहीत.

आकाराबाबत घाई करू नकोस. इम्प्लांट सीसीमध्ये, म्हणजे मिलीलिटरमध्ये, मोजतात, ब्राच्या कपमध्ये नव्हे, आणि छातीच्या रुंदीला न झेपणारे मोठे इम्प्लांट पुढे त्वचा पातळ करते, इम्प्लांटच्या कडेच्या सुरकुत्या बाहेरून दिसू लागतात. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, इम्प्लांटमागचा काही भाग झाकला जातो, त्यामुळे जादा कोनातून चित्रे काढावी लागतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी टाळू नकोस आणि नंतर प्रत्येक वेळी इम्प्लांट असल्याचे तंत्रज्ञाला आधीच सांग. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची जाते. पुढे मूल हवे असेल तर छेद कुठे घेणार, हे आवर्जून बोल. स्तनाग्राभोवतीच्या छेदाने दुधाच्या नलिकांना इजा होण्याचा धोका अधिक असतो.

धूम्रपान करत असशील तर ते किमान महिनाभर आधी बंद हवे. जखम भरून येण्यासाठी लागणारा रक्तपुरवठा त्याने घटतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि आयुर्वेदिक औषधेसुद्धा डॉक्टरांपासून लपवू नकोस. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत एक बाजू झपाट्याने फुगली, टणक झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन कर. आत रक्त साचलेले असू शकते. काही आठवडे जड काही उचलायचे नाही.

सर्जन प्लास्टिक सर्जरीत रीतसर प्रशिक्षित आहे ना, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार ना, आणि इम्प्लांटचा प्रकार व अनुक्रमांक लिहिलेले कार्ड मिळणार ना, एवढे स्पष्ट विचार. जो डॉक्टर या प्रश्नांनी वैतागतो, त्याच्याकडून शस्त्रक्रिया करून घेऊ नकोस. सल्ल्याच्या दिवशीच आगाऊ रक्कम मागितली तर भरू नकोस.

पहिल्या भेटीला मी सोबत यावे असे वाटत असेल तर दिवस कळव, मी रजा टाकते.

तुझी,
वैशाली