दोन्ही हात डावे, पाय गायब, आणि विचारता काय, तर ‘मुलाचं वय किती?’

प्रति,
व्यवस्थापन आणि तक्रार निवारण अधिकारी

विषय: आधी उघडलेली, सदोष ॲक्शन फिगर (संग्रहासाठीची छोटी प्रतिकृती) नवी म्हणून विकल्याबद्दल आणि तक्रारीची टाळाटाळ केल्याबद्दल

तुमच्या कस्टमर केअरशी आज बोलून झालं. यापुढे फोनवर बोलणार नाही, म्हणून लेखी देतो आहे. ऑर्डर क्रमांक, बिल, फोटो आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत. फिगर कोणती, कुठल्या वेव्हमधली (एकत्र निघालेल्या संचातली), हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. प्री-ऑर्डर तुम्हीच घेतली, 4,499 रुपये आगाऊ तुम्हीच घेतले, आणि ‘पुढच्या आठवड्यात स्टॉक येतोय’ असं सांगत ऐन उन्हाळ्यापासून पाऊस लागेपर्यंत तुम्हीच ताटकळत ठेवलंत.

एवढं थांबून हातात काय आलं ते आधी लिहितो.

फिगरच्या डाव्या मनगटात डावा हात आहे. उजव्या मनगटातही डावाच हात आहे. अंगठा बाहेरच्या बाजूला. त्या मुठीत तलवार बसवली तर पातं मागे, कोपराकडे जातं. कारखान्यात असं कधीकधी होतं. दोन डावे हात, दोन उजवे गुडघे, डोळ्याच्या खाली उतरलेला रंग, हे सगळं या छंदातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. एवढ्यावरून मी कोणाशी भांडलो नसतो. बदलून द्या म्हटलं असतं आणि वाट पाहिली असती.

पण बॉक्समध्ये बिल्ड-अ-फिगरचा, म्हणजे वेव्हमधल्या बॉक्सांतून एकेक तुकडा जमवून जी मोठी फिगर जोडायची तिचा, तुकडाही नाही. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उजव्या बाजूला पायाच्या आकाराचा खळगा आहे आणि तो रिकामा आहे. या वेव्हमधल्या बाकीच्या सगळ्या फिगर मी घेतल्या, त्यातल्या काही तर मला आवडतही नव्हत्या, केवळ ती मोठी फिगर पुरी व्हावी म्हणून घेतल्या. तिचं धड आहे, डोकं आहे, दोन्ही हात आहेत, उजवा पाय आहे. डावा पाय या बॉक्समध्ये यायचा होता. एका पायावर ती उभी राहत नाही. म्हणजे तुम्ही एक फिगर खराब दिलीत आणि तिच्याबरोबर आख्ख्या वेव्हचा खर्च फुकट घालवलात.

आता बॉक्सविषयी. वरच्या झाकणावर गोल पारदर्शक टेप आहे आणि त्या टेपवर दुसरी टेप आहे. जरा तिरकी. खालच्या टेपला कापल्याची रेघ स्पष्ट दिसते, फोटो क्रमांक 3 पाहा. झाकणाच्या घडीवरची छपाई पांढरी पडली आहे. झाकण उघडून परत बंद केल्याशिवाय घडीवर असा पांढरेपणा येत नाही. याचा अर्थ सरळ आहे. ही फिगर आधी दुसऱ्या कोणीतरी घेतली, हात पाहून परत केली, तुकडा मात्र काढून ठेवला. तुम्ही तो बॉक्स उघडूनही न बघता वर टेप मारलीत आणि मला ‘सील्ड, ब्रँड न्यू’ म्हणून पाठवलात.

यावर तुमच्याकडून आलेलं पहिलं उत्तर असं: ‘गोव्यात हवा दमट असते, त्यामुळे टेप सुटू शकते.’

गोव्याच्या हवेबद्दल तुम्ही मला सांगू नका. मी डिचोलीत राहतो. जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी धरते. कार्डावरच्या फिगरचा पुठ्ठा वाकतो, त्यावरचं प्लास्टिकचं कवच (ब्लिस्टर) सुटायला लागतं, म्हणून आम्ही पावसाआधी सिलिका जेलच्या पुड्या आणतो, डबे घट्ट बंद करतो, कपाटात बल्ब लावून ठेवतो. एवढी निगा राखणाऱ्या माणसाला दमट हवेने टेपचं काय होतं ते ठाऊक असतं. दमट हवेने टेप सुटते. दमट हवा सुटलेल्या टेपवर दुसरी टेप लावत नाही. आणि बंद ट्रेमधून पाय काढून नेत नाही.

दुसरं उत्तर अनबॉक्सिंग व्हिडिओबद्दल. व्हिडिओ मी पाठवला होता. तुमचं म्हणणं, त्यात कुरियरच्या पाकिटाच्या सहाही बाजू दिसत नाहीत, सबब ग्राह्य नाही. सहा बाजू दाखवा असं ऑर्डर देताना कुठे लिहिलं होतं ते मला दाखवा. शिवाय पाकीट माझ्या दारात आलंच नव्हतं. ‘ग्राहक घरी नव्हता’ असा शेरा मारून ते म्हापशाच्या हबवर ठेवून दिलं गेलं. त्या दिवशी घरात चार माणसं होती आणि दार उघडं होतं. भर पावसात म्हापशाला जाऊन, कोपरे भिजलेला खोका मी स्वतः उचलून आणला. ‘दुर्गम भाग’ म्हणून तुम्ही वेगळे पैसे लावता, आणि ती फेरी वर मीच मारायची!

आता आजच्या फोनविषयी. तो सविस्तर लिहिणार आहे, कारण खरी तक्रार तीच आहे.

बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक बाई आल्या. आधी हिंदीत बोलल्या, मग मी मराठीत विचारल्यावर मराठीत. ऑर्डर क्रमांक घेतला आणि पहिला प्रश्न केला, ‘सर, मुलाचं वय किती?’

मी म्हटलं, ‘कुठल्या मुलाचं?’

‘ज्याच्यासाठी टॉय घेतलंय ना, त्याचं.’

मी सांगितलं की फिगर माझ्यासाठी घेतली आहे, मी संग्रह करतो. त्यावर पलीकडे शांतता. मग फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज, आणि मागे कोणीतरी हसलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं. परत आल्यावर बाई म्हणाल्या, ‘तुमच्या स्वतःसाठी, सर?’ मी हो म्हटलं. माझं वय त्रेचाळीस आहे, नोकरी करतो, माझ्या पैशांनी घेतो. यातलं काहीही मला कोणाला सांगावं लागू नये, पण सांगितलं. मग हातांबद्दल बोललो, तर म्हणाल्या, ‘सर, खेळताना हातबीत निघतातच. गरम पाण्यात घालून फिरवा, बसेल.’

गरम पाण्याने पीव्हीसी मऊ होतं आणि अडकलेला जॉइंट सुटतो, हे मी शेकडो वेळा केलं आहे. गरम पाण्याने डावा हात उजवा होत नाही. हे मी त्यांना नीट, न चिडता समजावलं. पायाचंही सांगितलं. त्यावर, ‘तो पाय तर फ्री असतो ना, सर, मेन प्रॉडक्ट तर आलंय.’ फ्री! तुमच्याच संकेतस्थळावर त्या तुकड्याचा वेगळा फोटो आहे. लोक तो तुकडा पाहून फिगर घेतात. तुम्हीही तो दाखवूनच विकता.

मी वरिष्ठांना द्या म्हटलं. परत गाणं. मग एक गृहस्थ आले. त्यांनी ना माझं नाव विचारलं, ना ऑर्डर उघडली. म्हणाले, ‘सर, एक सांगू का? हे शेवटी खेळणं आहे. लहान मुलं असं मनाला लावून घेतात. तुम्ही मोठे आहात, समजून घ्या.’ मी काही बोलायच्या आत ‘तुमच्या खात्यात 200 पॉइंट टाकतो’ म्हणाले आणि तक्रार ‘निकाली’ निघाल्याचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला. फोन अजून चालू होता.

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांना तुम्ही जे कागदावर लिहून देता तेच त्या वाचतात. राग व्यवस्थापनावर आहे, आणि त्याला कारण आहे.

गेल्या वर्षी मी तुम्हाला ईमेलने विचारलं होतं की तुमच्या बॉक्सवर आयएसआयचं चिन्ह का नसतं. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश 2020 चा, तो 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. तुमचं लेखी उत्तर माझ्याकडे आहे: हा आदेश 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, आमचा माल प्रौढ संग्राहकांसाठी आहे, ही खेळणी नव्हेत. ठीक. मी मान्य केलं. आता तुमचंच बिल उघडा. त्यात एचएसएन, म्हणजे करासाठीचा मालाचा वर्ग क्रमांक, 9503 आहे, म्हणजे खेळणी. परदेशातून येणाऱ्या खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के, आणि दर वेळी भाव वाढवताना तुम्ही हेच कारण दिलंत. आम्ही ते मुकाट भरलं. म्हणजे शुल्क भरताना खेळणं. चिन्हाचं विचारलं की खेळणं नव्हे, संग्राह्य वस्तू. विकताना ‘कलेक्टर्स एडिशन’. आणि माल खराब निघाला की परत खेळणं, आणि मी खेळण्यासाठी रडणारा.

एक काय ते ठरवा. संग्राहकाची वस्तू म्हणून संग्राहकाचा भाव घेता, तर बॉक्सची एक घडीसुद्धा महत्त्वाची असते हे तुम्हाला मान्य करावं लागेल. आणि ते खेळणं असेल, तर आयएसआयच्या चिन्हाशिवाय ते विकता कसे?

बॉक्सवर आयातदाराचं नाव आणि पत्ताही नाही. नुसती किंमत छापलेली पांढरी चिठ्ठी आहे. आयात केलेल्या वेष्टित मालावर हे नाव-पत्ता असणं बंधनकारक आहे. हा मुद्दा मी स्वतंत्रपणे वजनमाप खात्याकडे देणार आहे.

गोव्यात या छंदाला कोणी हसावं याचं मला जास्त वाईट वाटतं. खेळणी बनवणाऱ्या फनस्कूलचा कारखाना इथलाच. आमच्या लहानपणी दुकानात मिळणारे ‘जी. आय. जो’ सैनिक भारतात त्यांनीच बनवले, पावणेचार इंची, अमेरिकेतल्यापेक्षा वेगळ्याच रंगांचे. आज त्या भारतीय रंगांच्या फिगर परदेशातले संग्राहक शोधून, भाव देऊन घेतात. माझ्याकडे त्यातल्या काही अजून आहेत. कमरेतलं रबर सुकून तुटलं होतं, ते बदललं. अंगठे शाबूत आहेत, हात ज्याच्या त्याच्या जागी आहेत. त्या फिगर शंभरएक रुपयांच्या आतल्या होत्या आणि मुलांनी मातीत खेळायच्या होत्या. तुमची 4,499 ची आहे.

तुम्ही सुरू झालात तेव्हापासून मी तुमच्याकडून घेतो आहे. तेव्हा तुम्ही बॉक्सला दुहेरी खोका घालत होता, कोपऱ्यांना पुठ्ठे लावत होता, आत हाताने लिहिलेली चिठ्ठी असायची. फोंडा, पणजी, मडगावच्या मित्रांना मीच तुमचं नाव सांगितलं. बनावट मालाची भीती असते म्हणून आम्ही चार पैसे जास्त देऊन तुमच्याकडे येत होतो. बनावट फिगर निदान बनावट म्हणून ओळखता तरी येते, पाठीवरचा शिक्का धूसर असतो, रंग सांडलेला असतो. दुसऱ्याने परत केलेली अस्सल फिगर टेप मारून आली तर ती ओळखायची कशी? दोन्ही हात डावे होते म्हणून मला कळलं. हात बरोबर असते तर पाय कुठे गेला हे मी कोणाला सिद्ध करून दाखवलं असतं? मी माझ्या पुढच्या सगळ्या प्री-ऑर्डर रद्द केल्या आहेत आणि मित्रांनाही हे फोटो पाठवले आहेत.

माझी मागणी: न उघडलेली, तुकड्यासकट नवी फिगर द्या, किंवा सगळे पैसे परत करा, ‘दुर्गम भागा’च्या वेगळ्या पैशांसकट. सदोष माल तुमच्या खर्चाने घरून उचला. म्हापशाला मी तो आणून देणार नाही. तुमचे 200 पॉइंट परत घ्या. आणि परत आलेला माल नवा म्हणून विकला जातो की नाही, याचं लेखी उत्तर द्या.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. पोच आली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, नोंद करीन. महिन्यात निकाल लागला नाही तर पर्वरीला उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. 2019 च्या कायद्याने मी जिथे राहतो तिथेच ती करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. 4,499 रुपयांसाठी कोण एवढं करतं, असं तुमच्या त्या वरिष्ठांना वाटत असेल. मी करीन. तारखांना पर्वरीला यायची तयारी तुम्ही ठेवा.

फोन करू नका. उत्तर लेखी द्या, आणि ते देणाऱ्याने आधी फोटो क्रमांक 3 पाहावा.

आपला ग्राहक,
डिचोली, गोवा

सोबत: बिल, बॉक्सचे व फिगरचे फोटो, अनबॉक्सिंग व्हिडिओ, आयएसआयविषयी तुमचा गेल्या वर्षीचा ईमेल, तक्रार ‘निकाली’ काढल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट